ऑकलंडात घर बघताय? आधी जमिनीची गोष्ट ऐका

आयआरडी नंबर (कर भरण्याचा क्रमांक), बँकेचं खातं, भाड्याचं घर यांत मदत करणारे इथे पुष्कळ भेटतील. मी वेगळं सांगते.

तुम्ही ज्या विमानतळावर उतरलात, त्याच्या शेजारीच इहुमाताओ आहे. १८६३ च्या जुलैत वायकाटो या दक्षिणेकडच्या मुलखावर फौजा धाडण्याआधी सरकारने ऑकलंडच्या दक्षिणेकडच्या माओरींना, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांना, बजावलं, इंग्लंडच्या राणीशी निष्ठेची शपथ घ्या, नाहीतर इथून निघा. माणसं निघाली, जमिनी जप्त झाल्या आणि गोऱ्या वसाहतकारांना मिळाल्या. वायकाटोत तर सुमारे १२ लाख एकर गेली. इहुमाताओच्या जमिनीवर अलीकडे घरांची वसाहत उभी राहणार होती. २०१९ मध्ये ती अडवायला हजारो लोक तिथे जमले. अखेर २०२० च्या डिसेंबरात सरकारने ती जमीन २ कोटी ९९ लाख डॉलरना विकत घेतली.

सगळी जमीन बंदुकीने गेली नाही, आणि आपल्याला नीट कळावी अशी गोष्ट हीच. माओरी जमीन अख्ख्या हापूची, म्हणजे भावकीची. १८६५ च्या कायद्याने कोर्ट बसवलं आणि तिथे मालक म्हणून जास्तीत जास्त दहा जणांची नावं लागू लागली. बाकीची भावकी कागदावरून गायब. मोजणीचा खर्च, कोर्टाच्या फेऱ्या, त्यासाठी काढलेलं कर्ज, आणि शेवटी विक्री. सातबाऱ्यावर नाव नसल्याने हक्क बुडालेली माणसं ज्यांनी गावी पाहिली आहेत, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

त्यामुळे कामावर चहाच्या वेळी कुणी म्हणालं, ‘त्यांना सगळं फुकट मिळतं’, तर मान डोलावू नका. वायकाटो-ताइनुई या माओरी जमातीला १९९५ मध्ये १७ कोटी डॉलरची भरपाई मिळाली. गेलेल्या जमिनीच्या किमतीपुढे ती फारच थोडी. शिवाय १८४० मध्ये ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी सरदार यांच्यात झालेल्या वायतांगी कराराच्या माओरी मसुद्यात सरदारांनी ‘कावानातांगा’, म्हणजे कारभार, दिला होता. इंग्रजी मसुद्यात त्याचं सार्वभौमत्व झालं. हा फरक मुलं शाळेत शिकतात, आपण घरीही बोलावं.

मराएवर, म्हणजे माओरींच्या सभास्थानी, बोलावणं आलं तर जरूर जा. सभागृहात शिरताना चपला बाहेर, आणि टेबलावर कधीही बसायचं नाही. हे आपल्याला जड जात नाही.

आईबाबा भारतातून आले की त्यांना इहुमाताओलगतच्या ओतुआताउआच्या दगडी शेतांत नेऊन आणा. ज्वालामुखीच्या दगडांची ऊब धरून तिथे शेकडो वर्षं कुमारा पिकत होता. कुमारा म्हणजे आपलं रताळं.