बोलोन्याचा रागू: पातेले चढवण्याआधीची तयारी

उत्तर इटलीतील बोलोन्या शहरात पास्त्यासाठी मांसाचा जो रागू, म्हणजे दाट सॉस, शिजतो, त्याची निम्मी कामगिरी गॅस पेटवण्याआधीच झालेली असावी लागते. एकदा पातेले तापले की पहिला पाऊण तास एकेक जिन्नस नेमक्या क्षणी पडावा लागतो आणि त्या वेळी गाजर चिरत बसायला किंवा वाइनचे बूच काढायला उसंत मिळत नाही. म्हणून ही यादी वाचून सामान ओट्यावर मांडावे आणि मगच पातेल्याला हात लावावा.

सर्वांत आधी वेळेचा हिशेब करावा. रात्री नऊला जेवायचे असेल तर पाच वाजता परतायला सुरुवात झालेली असावी, कारण परतण्यात पाऊण तास, मंद आचेवर शिजण्यात दोन ते तीन तास आणि गॅस बंद केल्यावर मुरण्यात थोडा वेळ जातो. जमत असेल तर रागू आदल्या दिवशीच करून ठेवावा. दुसऱ्या दिवशी त्याची चव अधिक एकजीव लागते आणि पाहुणे आल्यावर फक्त पास्ता उकडण्याचे काम उरते.

प्रमाणासाठी आधार आहे. इटालियन पाककला अकादमीने १९८२ मध्ये या रागूची कृती बोलोन्याच्या वाणिज्य मंडळाकडे रीतसर नोंदवली आणि २०२३ मध्ये तिची सुधारित आवृत्ती दाखल केली. त्या नव्या नोंदीनुसार सहा जणांसाठी ४०० ग्रॅम जाडसर दळलेले गोमांस, डुकराच्या पोटाकडील मांसाचे म्हणजे पान्चेत्ताचे १५० ग्रॅम काप, कांदा, गाजर आणि सेलरी प्रत्येकी सुमारे ६० ग्रॅम, एक पेला वाइन, २०० ग्रॅम गाळलेला टोमॅटो, एक मोठा चमचा टोमॅटोचा घट्ट अर्क, तीन मोठे चमचे ऑलिव्ह तेल, हवे असल्यास एक पेला सायीसकट दूध, आणि लागेल तसा गरम रस्सा एवढेच सामान लागते. हे आकडे नीट पाहिले तर लक्षात येते की टोमॅटो मांसाच्या निम्म्याहूनही कमी आहे. लालभडक, टोमॅटोत बुडालेला खिमा म्हणजे रागू नव्हे. तयार रागूचा रंग गडद नारिंगी असावा, अशीच तिथली अपेक्षा आहे.

मांसाच्या खरेदीला या यादीत सर्वाधिक लक्ष द्यावे. महाराष्ट्रात गायीबरोबरच २०१५ पासून बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी असल्याने, आणि अनेक घरांत गोमांस वर्ज्यच असल्याने, आपल्याकडे हा रागू बहुधा बोकडाच्या मटणाचा होतो. तो बोलोन्याचा अस्सल रागू ठरत नाही हे मान्य करूनही मी तो मनापासून सुचवते, कारण हळूहळू मऊ होणे आणि चरबीत मुरणे हा या पाककृतीचा मुख्य गुण मटणातही उतरतो. खाटकाकडे खांद्याचे किंवा मांडीचे मांस निवडून खिमा समोर करून घ्यावा, यंत्रातून एकदाच काढायला सांगावा आणि सगळी चरबी काढून टाकू देऊ नये. पूर्ण चरबीविरहित खिमा तीन तासांत भुशासारखा कोरडा पडतो. पान्चेत्ता या नावाने मिळाला नाही तर डुकराच्या पोटाचे ताजे मांस चालते, मात्र धुरी दिलेले बेकन घेऊ नये, त्याचा वास साऱ्या पातेल्यावर चढतो. डुक्कर खात नसाल तर मटणाची थोडी चरबी बारीक चिरून घ्यावी आणि तेलासोबत दोन चमचे लोणी घालावे.

आपल्याकडे खिमा धुण्याची पद्धत आहे आणि रागू बिघडण्याचे ते एक मोठे कारण आहे. धुवायचाच असेल तर सकाळीच धुवावा, बारीक जाळीच्या चाळणीत अर्धा तास निथळू द्यावा, स्वच्छ कापडात दाबून कोरडा करावा आणि परतण्यापूर्वी थोडा वेळ बाहेर काढून ठेवावा. ओला, थंडगार खिमा गरम पातेल्यात पडला की त्याला पाणी सुटते, तो करडा होतो आणि स्वतःच्या पाण्यातच उकडत राहतो. कोरडा खिमा मात्र मोठ्या आचेवर सुमारे दहा मिनिटांत आवाज बदलतो. आधीची रटरट थांबून चरचर सुरू होते, कडा तपकिरी होतात आणि पातेल्याच्या तळाला खरपूस थर धरू लागतो. वाइन ओतायची ती याच क्षणी, म्हणजे तो थर सुटून रश्शात उतरतो. हा क्षण कानाने ओळखायचा असल्याने त्या वेळी मिक्सर किंवा एक्झॉस्ट पंखा बंद ठेवलेला बरा.

भाज्या सुरीनेच बारीक चिराव्यात, तांदळाच्या दाण्याहून फार मोठ्या नकोत. मिक्सरमधून काढल्यास त्यांचा पाणचट लगदा होतो आणि तो परतला जात नाही. सेलरी मिळाली नाही तर कांदा-गाजर किंचित वाढवावे. तिच्या जागी कोथिंबिरीचे देठ किंवा ओव्याची पाने घालू नयेत. आले, लसूण, ओरेगॅनो आणि तिखट यांचे डबे ओट्यावर आणूच नयेत. लसूण आणि इतर वनस्पती-मसाले नोंदवलेल्या कृतीत स्पष्टपणे वगळले आहेत, मीठ-मिरी पुरेशी मानली आहे आणि फार तर चिमूटभर जायफळाला मुभा आहे.

रस्सा आधी करून ठेवावा. मटणाची हाडे, अर्धा कांदा आणि गाजराचा तुकडा घालून तो आपल्या अळणी पाण्यासारखा उकळावा, पण त्यात हळद, आले-लसूण आणि मीठ काहीही नको, कारण तासन्तास आटल्यावर थोडेसे मीठही जास्त होते. तो शेजारच्या शेगडीवर गरमच राहावा. थंड रश्शाने उकळी मोडते. वाइन कोरडी असावी, लाल किंवा पांढरी कोणतीही चालते, आणि वाइन नको असेल तर तेवढाच रस्सा घालावा. टोमॅटो घरचे असतील तर पिकलेले घेऊन, उकळत्या पाण्यातून काढून, साले-बिया गाळून घ्यावेत. केचप कधीही वापरू नये. दूध कोमट करून ठेवावे आणि शिजण्याच्या निम्म्या वाटेवर थोडे थोडे घालावे. त्याने टोमॅटो आणि वाइनचा आंबटपणा सौम्य होतो.

पातेले जाड बुडाचे, पसरट, साधारण २४ ते २६ सेंटिमीटरचे आणि झाकणाचे असावे. प्रेशर कुकरचा मोह टाळावा: त्यात खिमा शिजतो खरा, पण पाणी आटत नाही आणि चरबी वेगळी तरंगते. लाकडी उलथने, पळी आणि मापाचा पेला जवळ असला की भांड्यांची यादी संपते.

पास्ता म्हणून स्पॅगेटी आणू नये. बोलोन्यात हा रागू अंड्याच्या ताल्यातेल्ले या लांब, चपट्या पट्ट्यांच्या पास्त्याबरोबर खातात, आणि त्या पट्टीची शिजल्यावरची रुंदी ८ मिलिमीटर असावी हेसुद्धा तिथल्या वाणिज्य मंडळाकडे १९७२ पासून नोंदलेले आहे. घरी करायची असल्यास १०० ग्रॅम मैद्याला एक अंडे हे प्रमाण धरून पीठ मळावे आणि अर्धा तास झाकून ठेवावे. उकडण्यासाठी दर १०० ग्रॅम पास्त्याला एक लिटर पाणी आणि सुमारे १० ग्रॅम मीठ घ्यावे. ताजा पास्ता दोन-तीन मिनिटांत होतो, त्यामुळे रागू गरम झाल्याशिवाय तो पाण्यात सोडू नये. गाळण्यापूर्वी वाटीभर पाणी राखून ठेवावे आणि पास्ता ताटात नव्हे, रागूच्या पातेल्यातच घोळवावा. वर किसण्यासाठी पार्मिजानो रेज्जानोचा तुकडा आणावा, मात्र हे चीज वासराच्या जठरातील रेनेटने विरजले जाते, तेव्हा घरात कोणी गोवंशाचे काही खात नसेल तर त्यांना आधी सांगावे किंवा वनस्पतिजन्य रेनेटचे चीज निवडावे.

उरलेल्या रागूसाठी छोटे, घट्ट झाकणाचे डबे आधीच धुऊन कोरडे करून ठेवावेत. गॅस बंद केल्यापासून दोन तासांच्या आत तो फ्रिजमध्ये जावा, तीन दिवसांत संपवावा, आणि त्याहून जास्त ठेवायचा असल्यास एका जेवणापुरते भाग करून, डब्यावर तारीख लिहून फ्रीझरमध्ये ठेवावा.