सिंगापूरला दोन दिवस: आधी कार्ड, मग कुंदा

व्हिसा म्हणजे अरायव्हल कार्ड नव्हे. हे कार्ड म्हणजे उतरण्याआधी ऑनलाइन भरायचा सिंगापूर इमिग्रेशनचा वेगळा फॉर्म. गेल्या वेळी हाच घोळ झाला आणि चेक-इनच्या काउंटरसमोर बॅगेवर बसून फोनवर फॉर्म भरायची पाळी आली, म्हणून ही यादी.

ज्याला भेटायला जाताय, त्या तिथं एक्स्चेंजवर (काही महिन्यांसाठी तिथल्या विद्यापीठात) शिकायला गेलेल्या मित्राला विचारूनच तारीख ठरवा. तिकडची सेमिस्टर ऑगस्टमध्ये आणि जानेवारीत सुरू होतात. मधल्या सुट्टीचा आठवडा साधला तर उत्तम, नोव्हेंबर किंवा एप्रिलअखेर परीक्षेच्या तोंडावर जाऊन त्याच्या डोक्यावर बसू नका. हॉटेल बुक करा. हॉस्टेलात रात्री पाहुणा ठेवू देतील असं धरून चालू नका. दोन रात्रींसाठी कुणाचा फ्लॅट घेणंही बेकायदा: खासगी घर किमान ३ महिने आणि सरकारी एचडीबी फ्लॅट किमान ६ महिनेच भाड्यानं देता येतो.

पासपोर्ट उतरल्यापासून ६ महिने चालणारा हवा. व्हिसा अधिकृत एजंटामार्फत, प्रवासाआधीच्या ३० दिवसांत. फी ३० सिंगापूर डॉलर, एजंटाचे पैसे वेगळे, नाकारला तरी परत नाहीत. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, मागं पांढरं. व्हिसासाठी स्थानिक माणसाचं ओळख करून देणारं पत्र (लेटर ऑफ इंट्रोडक्शन) मागितलं, तर ते एक्स्चेंजवर गेलेला मित्र देऊ शकत नाही. ते तिथल्या नागरिकाचं किंवा कायम रहिवाशाचं लागतं. जन्मस्थळ पासपोर्टवर बेलगाम असेल तर बेलगाम, बेळगावी असेल तर बेळगावी. गावाच्या नावाचा वाद फॉर्मवर काढू नका.

आता कार्ड. उतरण्याचा दिवस धरून ३ दिवसांत भरायचं, त्याआधी नाही. म्हणजे शुक्रवारी रात्री बेंगळुरूहून विमान, शनिवारी पहाटे सिंगापूरचं चांगी विमानतळ, तर गुरुवारपासून. आणि आपण गुरुवारी रात्री बेळगावहून बेंगळुरूला जाणाऱ्या राणी चन्नम्मा एक्स्प्रेसमध्ये असतो! लोंढ्याच्या जंगलात रेंज जाते, सकाळी बेंगळुरूत उतरून विमानतळापर्यंतच्या पस्तीसेक किलोमीटरच्या ट्रॅफिकमध्ये डोकं चालत नाही. म्हणून गुरुवारी सकाळी, घरी, चहा पिताना गप भरून टाका. पासपोर्ट समोर उघडा ठेवून नंबर दोनदा जुळवा, विमानाचा नंबर आणि हॉटेलचा पत्ता हाताशी ठेवा. मायआयसीए ॲपवर किंवा इमिग्रेशनच्या सरकारी साइटवर ते फुकट आहे. शोधल्यावर वर येणाऱ्या, पैसे मागणाऱ्या साइट दलालांच्या. ईमेल आला का बघा, स्क्रीनशॉट काढा. व्हिसा हातात आहे म्हणून कार्ड लागत नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. गुरुवारी सकाळी. दुपारी नाही.

खाऊ. कुंदा, म्हणजे आपली बेळगावची दुधाची मिठाई, डब्यात घट्ट बंद करून मोठ्या बॅगेत. पातळ, लोणचट काही हातातल्या बॅगेत १०० मिलिलिटरवर चालत नाही. मांडे मात्र हातातच, मोठ्या बॅगेत त्यांचा भुगा होतो. अनारसे नकोत, कारण त्यांवर खसखस असते, आणि खसखस तिथं अमली पदार्थांच्या कायद्यात मोडते. डिंकाचे लाडू, करदंट (डिंक-सुक्यामेव्याची मिठाई) घेणार असाल तर दुकानदाराला खसखस आहे का ते आधी विचारा. मटणाचं काहीही नाही. गुटखा, जर्दा, व्हेप, च्युइंगगम घरीच ठेवा. सिगारेटच्या पाकिटावर सूट नाही, पहिल्या सिगारेटपासून कर. खोकल्याच्या औषधात कोडीन असेल तर तेही नको.

पैसे: डेबिट-क्रेडिट कार्डावर परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून चालू करून घ्या, नव्या कार्डावर ते बंदच येतात. व्हिसा किंवा मास्टरकार्डचा शिक्का असलेलं कार्ड मेट्रोच्या गेटवर थेट टॅप होतं. रोमिंग चालू ठेवा, नाहीतर ओटीपी येणार नाही. मेट्रोत खाणंपिणं नाही, ५०० डॉलरपर्यंत दंड. पाणी नळाचं प्या.

तीन चपट्या पिनांचा प्लग. छत्री. घड्याळ अडीच तास पुढं.

परतीला सोमवारची रजा टाका, चन्नम्मा रात्री आहे, घरी मंगळवारी सकाळी. आणि पुढल्या खेपेला पुन्हा नवं कार्ड भरायचं, जुनं चालत नाही.