ड्रॅगनफ्रूटची बाग बघायला जाताय? दुपारी नको

सांगली जिल्ह्यात जत, आटपाडीकडं कामाला जाणं झालं आणि वाटेत कुणा ओळखीच्याची ड्रॅगनची बाग असली तर भर दुपारी जाऊन उभं राहू नका राव, आदल्या दिवशी फोन करा आणि रात्री नाहीतर पहाटे जा, कारण फूल रात्रीच उमलतं, ऊन चढलं की मान टाकतं. जून ते ऑक्टोबर हा बघायचा टाइम. मी गेलो तेव्हा मालक डोक्याला बॅटरी बांधून ब्रशनं पिवळा पराग कागदी कपात झाडून घेत होते आणि दुसऱ्या जातीच्या फुलाला लावत होते, हे कुठल्या व्हिडिओत एवढं नीट कळत नाही.

लावायला काडी (फांदीचा तुकडा) मागायला लाजू नका, पण नारिंगी ठिपके असलेली घेऊ नका. हातभर काडी घ्यायची, कापलेलं टोक 5-7 दिवस सावलीत सुकवायचं, मगच लावायची, नाहीतर कुजते.

आणि एक, तेल्या (डाळिंबावरचा पसरणारा रोग) आलेल्या डाळिंबाच्या बागेतनं तसंच दुसऱ्याच्या डाळिंबात घुसू नका. कात्री स्पिरिटनं पुसा, चपला धुवा. रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून मी साताऱ्याचे कंदी पेढे नेतो, त्यावर गप्पा जरा लांबतात.