दहा नंबरचा पाना सापडला!

गॅरेज टाकलं तेव्हा हौसेने हत्यारांचा मोठा संच घेतला. स्वस्त, चकचकीत, डबीत छान बसवलेला. महिन्याभरात त्यातल्या बारा कोनी गोट्यांनी (बोल्टच्या डोक्यावर बसणाऱ्या सॉकेटनी) दोन गंजक्या बोल्टची डोकी गोल केली. मग मुंबईत नागदेवी स्ट्रीटला जाऊन सुटी हत्यारं घेतली: ८, १०, १२, १४ आणि १७ मिमीच्या सहा कोनी गोट्या, तेवढेच रिंग पाने. आपल्या बहुतेक बाइकचं काम एवढ्यातच भागतं. सहा कोनी गोटी बोल्टला कोपऱ्यावर नाही, सपाट बाजूवर दाब देते, म्हणून घसरत नाही. पैसे घालायचे ते इथे. हातोडी कुठलीही चालते.

खरी डोकेदुखी दहा नंबरची. तो पाना कुठे जातो, देव जाणे! शेवटी भिंतीला प्लायवूड ठोकलं, खिळ्यांवर पाने टांगले आणि प्रत्येकाची बाह्यरेषा पिवळ्या रंगाने काढली. दुकान बंद करताना रिकामी आकृती लगेच दिसते. परवा दहाची जागा मोकळी होती. पोऱ्या म्हणाला, "शेठ, मी लावला होता." निघाला गिऱ्हाइकाच्या गाडीच्या सीटखाली. दहाचे मात्र आता तीन ठेवतो.