कार्बनची बॅरल की पोलादी? पैसे मोजण्याआधी हे करून बघा

माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांचे पालक हल्ली हमखास विचारतात, "ताई, रायफलला कार्बन फायबरची बॅरल (नळी) घेऊन टाकू का? हलकी असते म्हणे." दहातल्या नऊ जणांना मी "नको" म्हणते. मग त्यांचा चेहरा पडतो, कारण पोराने रात्र-रात्र व्हिडिओ बघून घरात आधीच वातावरण तयार केलेलं असतं. मी काही आर्मरर (बंदुकांची दुरुस्ती करणारी) नाही. परळला राहते, मुलांना .२२ रायफल (नळीचं भोक, म्हणजे बोअर, ०.२२ इंचाचं) शिकवते, आणि त्यांच्या रायफली उघडून, पुसून परत जुळवण्यात माझे रविवार जातात. त्या अनुभवावर हे लिहितेय.

आधी एक गैरसमज काढून टाका. कार्बनची बॅरल म्हणजे अख्खी कार्बनची नळी नव्हे. आत पोलादी नळीच असते, बहुतेक वेळा ४१६ आर जातीच्या स्टेनलेसची, आणि गोळीला फिरकी देणारे रायफलिंगचे आटे तिच्यातच कापलेले असतात. ही नळी बाहेरून बारीक करतात आणि तिच्यावर इपॉक्सीत भिजवलेले कार्बनचे धागे गुंडाळून जाडी परत आणतात. गोळीला बाहेरचा कार्बन कधीच दिसत नाही. म्हणजे बॅरल किती अचूक मारणार, ते आतलं पोलाद कोणी आणि कसं कापलंय यावर ठरतं. चेंबरपुढचा (काडतूस बसतं त्या खणापुढचा) गळा झिजला की कार्बनचीही बॅरल बाद होते, पोलादीही.

मग कार्बनने मिळतं काय? वजन कमी होतं. कागदावर मांडून बघा. २२ मिलिमीटर जाड, ६६ सेंटिमीटर लांब, .२२ बोअरची सरळ पोलादी बॅरल साधारण १.८ किलो भरते. तीच आतून १२ मिलिमीटरची पोलादी नळी आणि बाहेरून कार्बन अशी केली, तर हिशोबाने पाऊण किलोच्या आसपास येते. दोन्ही टोकांचं पोलाद धरलं तर थोडी जास्त. पोलादाची घनता ७.८ आणि कार्बन-रेझिनची १.६ च्या आगेमागे, एवढाच त्यामागचा हिशोब. एक किलो वाचला, हे खरं.

"कार्बन पोलादापेक्षा ताठ असतो" हे वाक्य मात्र अर्धवट आहे. वजनाला वजन धरलं तर ताठ. जाडीला जाडी धरली तर पोलाद मागे पडत नाही, उलट बहुधा पुढेच असतं. दांड्याचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. १८ मिलिमीटरची पोलादी बॅरल २२ ची केली की ती दुपटीहून जास्त ताठ होते. कार्बनवाले याच नियमाचा फायदा घेतात: वजन न वाढवता जाडी वाढवतात. हुशारी आहे, पण ती ज्याला वजन वाचवायचंय त्याच्या कामाची.

आणि वजन वाचवायचंय कोणाला? या बॅरली गाजल्या त्या अमेरिकेत, यूटा आणि मोंटानामधल्या कंपन्यांमुळे. तिथे माणूस खांद्यावर रायफल टाकून दिवसभर डोंगर चढतो आणि संध्याकाळी एखादी गोळी झाडतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषयच संपला. आपली रायफल टॅक्सीतून रेंजवर येते आणि तासन् तास एकाच जागी उभी राहते.

तुम्ही १० मीटर एअर रायफल करत असाल तर हा सगळा प्रश्न सोडून द्या. तिथे पेलेट (छर्रा) सेकंदाला १७५ मीटरच्या आसपास वेगाने जातो, बॅरल तापत नाही, आणि रायफलची कमाल मर्यादा साडेपाच किलो आहे. काही मॉडेलांवर दिसणारी कार्बनची नळी हे बहुधा बाहेरचं आवरण असतं.

खरा विचार करायचा तो ५० मीटरला. २०२४ मध्ये पॅरिसला स्वप्नील कुसाळेने ऑलिंपिकमध्ये थ्री पोझिशनला (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून, म्हणजे स्टँडिंग) कांस्य जिंकलं. कोल्हापूरचा मुलगा, त्या वेळी मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस. तेव्हापासून या प्रकारात उतरणारी पोरं वाढलीत आणि सामानाची हौसही. यात सगळ्या जोडण्यांसकट रायफलला आठ किलोची मर्यादा आहे. मोठी मुलं या मर्यादेच्या जवळ जाण्यासाठी मुद्दाम बॅरलवर वजनं चढवतात, कारण स्टँडिंगमध्ये पुढचं तोंड जड असलं की झुलणं मंदावतं. म्हणजे जास्तीचे पैसे देऊन किलोभर वजन उतरवायचं आणि मग आणखी पैसे देऊन वजनाच्या कड्या आणायच्या. ही गंमत मी डोळ्यांनी पाहिलेली आहे.

अपवाद आहे तो अंगाने लहान मुलांचा. चौदा वर्षांची हडकुळी मुलगी जड बॅरल तोलायला कंबर मागे टाकते, आणि ती सवय पुढे पाठीला भोवते. तिच्यासाठी हलकं तोंड हवंच. पण त्यालाही आधी साधा उपाय आहे: आखूड पोलादी बॅरल आणि पुढे अॅल्युमिनियमची पोकळ नळी. साइट रेडियस (पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर) लांब राहतो, वजन कमी होतं, खर्च आटोक्यात राहतो.

घेण्याआधी घरी हे करा. बोल्ट काढून ठेवा, चेंबर रिकामा आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने दोन्ही तपासा. बॅगा तोलायचा हुकवाला काटा घ्या, त्याला रुंद पट्टा अडकवा आणि रायफल त्या पट्ट्यात आडवी टांगा. पट्टा पुढे-मागे सरकवत रायफल समतल झाली की तिथे चिकटपट्टीची खूण करा. बट-प्लेटपासून (खांद्याला टेकते त्या टोकापासून) त्या खुणेपर्यंतचं अंतर आणि काट्यावरचं वजन वहीत लिहा. आता बॅरलवरची असतील ती वजनं काढा आणि परत मोजा. बॅरलवर वजनं नसतील तर बटाजवळ दोन-तीनशे ग्रॅम बांधा. तोल मागे सरकला की तोंड हलकं केल्यासारखंच वाटतं. अशा जुळणीवर दोन-तीन आठवडे स्टँडिंगचा सराव करा. क्लबात स्कॅट (नेम कसा फिरला त्याची रेघ पडद्यावर दाखवणारं यंत्र) असेल तर ट्रिगर दाबण्याआधीच्या शेवटच्या सेकंदाची रेघ बघा. रेघ आवळली असेल तर हलक्या बॅरलचा विचार करायला जागा आहे. पसरली असेल तर तुमचे पैसे वाचले.

उष्णतेचा मुद्दा विक्रेते फार रंगवतात. .२२ च्या काडतुसात जेमतेम ०.१ ग्रॅम दारू असते; .३०८ या मोठ्या काडतुसात सुमारे ३ ग्रॅम. एवढ्याशा दारूने जाड बॅरल तापून नेम हलेल, ही भीती ५० मीटरवाल्यांनी बाळगू नये. मोठ्या बोअरवाल्यांनी मात्र एक लक्षात ठेवावं: कार्बन हाताला गार लागतो म्हणजे आतलं पोलाद गार आहे असं नव्हे. आतली उष्णता बाहेर यायला रेझिनचा थर आडवा येतो. शिवाय तापल्यावर पोलाद वाढतं आणि कार्बनचा धागा जवळपास वाढतच नाही. हा ताण कसा सांभाळलाय त्यात चांगल्या आणि स्वस्त बॅरलचा फरक कळतो. लागोपाठ दहा-पंधरा गोळ्यांत ग्रुप (लक्ष्यावरच्या भोकांचा पुंजका) एका दिशेला सरकत गेला तर समजा की काहीतरी बिघडलंय. शिकारीसाठी बनवलेल्या बॅरलच्या तोंडावर बऱ्याचदा मझल ब्रेक (धक्का कमी करणारा तुकडा) येतो. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) रायफल स्पर्धांत तो चालत नाही, तेव्हा फोटो बघून भाळू नका.

आता मुंबईची हवा. "कार्बनला गंज चढत नाही, पावसाळ्याची कटकट नाही," असं मला एका विक्रेत्याने ठणकावून सांगितलं होतं. कार्बनला नाही चढत, पण पोलाद आहेच ना आत? ४१६ जातीत कापायला सोपं जावं म्हणून गंधक घातलेलं असतं, त्यामुळे ती स्वयंपाकघरातल्या स्टीलइतकी गंज सोसत नाही. मागच्या पावसाळ्यात एका मुलाची कार्बनची बॅरल पुसताना जिथे कार्बन संपतो आणि पुढचं पोलादी टोक सुरू होतं, त्या सांध्यावरून नख फिरवलं. केसाएवढी खाच लागली, आणि जुन्या बनियनचा कपडा तिथून फिरवला तर त्यावर नारिंगी रेघ उठली. बाहेरून बॅरल नवी कोरी दिसत होती. पोलादी बॅरलवर असा डाग लांबूनच दिसतो आणि तेलाच्या हाताने निघतो. सांध्यात शिरलेला शोधावा लागतो.

वरळीसारख्या समुद्राकाठच्या भागात नेमबाजी करत असाल तर खारा वारा धराच. बॅरल कोणतीही असो, एसी हॉलमधून गार रायफल बाहेर आणली की तिच्यावर दव धरतं. पेटी लगेच उघडू नका. रायफल बाहेरच्या तापमानाला आली की उघडा, पुसा, बोअरमधून तेल लावलेला पॅच (कपड्याचा तुकडा) फिरवा, आणि जून ते सप्टेंबर रायफल पेटीतल्या फोममध्ये ठेवू नका. फोम ओल धरून ठेवतो. कार्बनवर सॉल्व्हंट सांडलं तर लागलीच पुसा आणि गुंडाळलेल्या भागावर व्हाइस आवळू नका. पोलादी बॅरलचं तोंड ठेचलं तर जाणकार लेथवर नवा क्राउन (तोंडाची कड) करून देतो. कार्बनला हात लावायला आपल्याकडचे बहुतेक कारागीर तयार होत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात. शस्त्र कायदा १९५९ मध्ये शस्त्राच्या व्याख्येत सुटे भागही येतात, त्यामुळे बॅरल ही कुरिअरने मागवायची वस्तू नाही. कलम ६ नुसार परवान्याशिवाय बॅरल आखूड करणं हाही गुन्हा आहे. मुंबईत परवाना पोलिस आयुक्तालयाचा. ऑर्डर देण्याआधी तिथे आणि आपल्या रायफल असोसिएशनमध्ये लेखी विचारून घ्या.

एवढं करूनही हात शिवशिवत असतील तर आधी आहे त्या बॅरलची परीक्षा घ्या. आधारावरून, ५० मीटरला, एकाच लॉटच्या (कारखान्यात एकाच खेपेत बनलेल्या) काडतुसांचे दहा-दहा गोळ्यांचे पाच ग्रुप काढा. तीन गोळ्यांचा सुंदर ग्रुप फोटोपुरता ठीक असतो. मग दुसरा लॉट, मग तिसरा. दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं आहे. एक लॉट त्यात बसतो आणि त्याच कंपनीचा, त्याच डब्याच्या रंगाचा दुसरा लॉट बाहेर सांडतो, असं .२२ मध्ये सर्रास होतं. एली आणि लापुआ या काडतुसं बनवणाऱ्या कंपन्या तर नेमबाजांना रायफल घेऊन बोलावतात आणि लॉट निवडून देतात. कार्बनच्या बॅरलला पोलादीच्या जवळपास दुप्पट पैसे पडतात. त्या फरकात जुळलेल्या लॉटची पुष्कळ काडतुसं येतात, आणि ती संपेपर्यंत मुलगी दोन इंच उंच झालेली असते. तोल तेव्हा नव्याने मोजावा लागतोच.