धक्का एकीकडे, बिघाड दुसरीकडे: जुना लाकडी रोलर कोस्टर सांभाळताना या चुका टाळा

पुण्याच्या कसबा पेठेतल्या एका वाड्याचं काम चालू होतं. ओसरीवरचा सागवानी खांब वरून ठणठणीत दिसत होता. चॉकलेटी ऑइलपेंटचे पाच-सहा हात दिलेले, भेग औषधालाही नाही. तळाशी स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवून जरा दाबलं, तर ते थेट मुठीपर्यंत आत गेलं. बाहेर काढलं तेव्हा टोकाला ओला, तपकिरी भुसा चिकटलेला होता. खांब केव्हाच संपला होता आणि रंगाचं नळकांडं तेवढं उभं होतं. मालकांची तक्रार मात्र वेगळीच होती. दोन खण (दोन खांबांमधला गाळा म्हणजे खण) पलीकडे माडीची जमीन खचली होती, म्हणून ते तिथे टेकू लावत होते. टेकू लावला की महिन्याभरात शेजारची तुळई कुरकुरायची.

मी वाड्यांच्या लाकूडकामात आहे. मधली काही वर्षं परदेशातल्या एका जुन्या लाकडी रोलर कोस्टरच्या देखभालीच्या तुकडीत काढली. लोकांना ही दोन टोकं वाटतात, पण लाकूड दोन्हीकडे एकाच पद्धतीने म्हातारं होतं आणि माणसं दोन्हीकडे त्याच चुका करतात. आता पुण्यातले इंजिनिअरिंगचे विद्यार्थी, रिसॉर्टवाले, सोसायटीच्या बागेत लाकडी खेळणी बसवणारे मला विचारत असतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी एक गैरसमज दूर करतो. लाकडी कोस्टर ओळखायचा तो रुळांवरून, सांगाड्यावरून नव्हे. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवरचा १९२७ सालचा सायक्लोन लाकडी म्हणून जगप्रसिद्ध आहे, पण त्याचा सांगाडा पोलादी आहे. लाकडी आहेत ते त्याचे रूळ. फळ्यांचे साधारण सात-आठ थर एकावर एक ठोकून रूळ तयार होतो आणि चाक जिथे घासतं तिथे पोलादी पट्टी बसवतात. गाडीला तीन प्रकारची चाकं असतात: वरून धावणारी, बाजूने टेकणारी आणि रुळाच्या खालून गाडी धरून ठेवणारी. खालच्या चाकाचं पेटंट अमेरिकी कोस्टर-रचनाकार जॉन मिलर यांनी १९१९ साली घेतलं. त्या चाकामुळे उतार जास्त तीव्र करता आले, आणि रुळावरचा ताणही त्याच प्रमाणात वाढला.

जिथे धक्का बसतो तिथेच फळ्या बदलणे

ही सगळ्यात महागडी चूक आहे. प्रवासी सांगतात, 'तिसऱ्या उतारानंतर कंबरेत सणक येते.' तुकडी तिथे जाते. फळ्या खरंच चेचलेल्या असतात, पट्टी दबलेली असते. ते वीस फूट उखडून नवं बसवतात. दीड महिन्यात तक्रार परत हजर.

गाडी एखाद्या उंचवट्यावरून किंवा खड्ड्यातून जाते तेव्हा ती किंचित उसळते आणि पुढे जाऊन आदळते. जिथे आदळते तिथलं लाकूड चेचतं. दुखणं तिथे दिसतं, पण उसळी मागे कुठेतरी घेतलेली असते. पुढे त्या चेचलेल्या जागेवरून दुसरी उसळी सुरू होते, मग तिसरी. एका सैल सांध्यातून अशी माळच तयार होते. म्हणून धक्क्याच्या जागेपासून गाडी ज्या दिशेने येते त्या दिशेला उलटं चालत जा. पट्टीवरची चकाकी पाहा. जिथे चाक नीट टेकत नाही तिथे पट्टी मळकट राहते आणि पुढे अचानक आरशासारखी चमकते. मळकट आणि चकचकीत यांची हद्द सापडली की उसळी कुठे सुरू होते ते सापडलं.

नंतर खाली उतरा. सुरक्षित अंतरावर उभं राहून भरलेली गाडी जाताना सांगाडा पाहा. लाकडी कोस्टर थोडा हलणारच, तो तसाच बांधलेला असतो. मात्र शेजारचे चार खांब एका लयीत डोलत असताना पाचवा उशिरा हलला किंवा नुसता थरथरला, तर त्याच्यावर खडूने खूण करा. त्याच्या बोल्टांच्या वॉशरखाली गंजाची लाल पूड ओघळलेली दिसेल. ती पूड म्हणजे लोखंड लाकडावर रोज घासतंय याची साक्ष.

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात किंग्ज आयलंड पार्कमध्ये २००० साली सन ऑफ बीस्ट नावाचा प्रचंड लाकडी कोस्टर सुरू झाला. जुलै २००६ मध्ये त्याच्या सांगाड्यातलं एक लाकूड तडकलं, वरच्या रुळाला खड्डा पडला आणि गाडी त्यावरून गेल्यावर २७ जण जखमी झाले. प्रवाशांना धक्का बसला रुळावर, मोडलं होतं त्याखालचं लाकूड. २००९ मध्ये तो कायमचा बंद झाला आणि २०१२ मध्ये पाडला गेला. वय जेमतेम बारा वर्षं.

बोल्ट एकदा आवळले की झालं असं समजणे

लाकूड लांबीत जवळपास बदलत नाही, आडवं मात्र फुगतं आणि आक्रसतं. ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत साग खोडातल्या वाढीच्या वलयांच्या दिशेने पाच-सहा टक्के आक्रसतो, कोस्टरसाठी वापरतात तो अमेरिकी पाइन सात टक्क्यांच्या आसपास. हंगामी बदल याहून कमी असतो, तरी पुण्यासारख्या हवेत दुर्लक्ष करावं इतका कमी नाही. जुलै-ऑगस्टमध्ये आठवडेच्या आठवडे ऊन दिसत नाही आणि एप्रिलमध्ये हवा इतकी कोरडी होते की वाड्याच्या दाराच्या फळ्यांमधून उजेड आत येतो. दहा इंची तुळई या दोन टोकांमध्ये दोन-तीन मिलिमीटर हलते. दोन तुळया एकाच बोल्टने बांधल्या असतील तर तो फरक दुप्पट.

आता पावसाळ्यात फुगलेल्या लाकडावर बोल्ट करकचून आवळला तर काय होईल? वॉशर लाकडात रुतेल, खालचे तंतू चेचतील आणि उन्हाळ्यात तोच बोल्ट बोटाने फिरेल. पुढच्या वर्षी कुणीतरी आणखी आवळेल, वॉशर आणखी रुतेल. मी असे वॉशर पाहिलेत की जे लाकडात पुरते बुडालेत आणि वर पाणी साठायला छान वाटी झालीय.

आपल्याकडे मुख्य आवळणी एप्रिल-मे महिन्यात करावी, लाकूड सगळ्यात कोरडं असताना. दिवाळीनंतर, लाकूड सुकायला लागलं की दुसरी फेरी. मोठे, जाड वॉशर वापरा. नवं लाकूड बसवलं असेल तर पहिल्या वर्षी दर महिन्याला पाना लावून बघा, कारण ते अजून सुकत असतं. आणि नटावरून लाकडापर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली म्हणजे नट फिरला. ही युक्ती फुकटची आहे आणि खालून दुर्बिणीनेही तपासता येते.

रंग, लांबी (पुटी) आणि सिलिकॉन यांच्यावर भिस्त ठेवणे

भेग दिसली की लांबी भरा, वर रंगाचा हात मारा, पाहुण्यांना नवं दिसतं. मला या सवयीचा खरोखर संताप येतो, कारण ती लाकूड मारते आणि मेलेलं लाकूड लपवते. कुजवणाऱ्या बुरशीला पाणी हवं. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर ती वाढत नाही. भेगेतून आत गेलेलं पाणी भेगेतूनच बाहेर पडलं असतं. आपण झाकण लावलं, आता ते आतच राहणार. उभ्या भेगा बहुतेक निरुपद्रवी असतात. भेग बोल्टातून आरपार जात असेल, किंवा तंतू आडवे तुटले असतील, तर मात्र गाडी तिथल्या तिथे थांबवा.

लाकूड पाणी पितं ते टोकाकडून, बाजूपेक्षा कित्येक पट वेगाने. म्हणून खांबाचा तळ सगळ्यात आधी जातो. पेशवाईतल्या सुतारांना हे पक्कं ठाऊक होतं. वाड्याच्या प्रत्येक खांबाखाली दगडी तळखडा असतो, जमिनीपासून वर, भोवती पाणी न थांबणारा. शनिवारवाड्याचं लाकूड १८२८ च्या आगीत गेलं, पण खांबांच्या जागा दाखवणारे दगड आजही तिथे पाहता येतात. आजचे ठेकेदार काय करतात? खांब खड्ड्यात उभा करतात आणि भोवती काँक्रीट ओततात. सुकताना लाकूड काँक्रीटपासून सुटतं, फट पडते आणि ती फट वर्षभर पाणी साठवते. कोस्टरच्या पायथ्याशीही हेच होतं, तिथे त्यात पालापाचोळा आणि माती यांची भर. आमच्या तुकडीत नव्या माणसाला पहिले पंधरा दिवस फावडं आणि झाडू देत. त्याला ते हलकं काम वाटायचं, पण खांबांचं आयुष्य सगळ्यात जास्त त्यानेच वाढायचं.

तपासणी साधी आहे. हातोडीने टकटक करत तळापासून वर जा. निरोगी लाकूड खणखणीत बोलतं, पोखरलेलं भद्द आवाज करतं. शंका आली तिथे टोचून बघा आणि ओलावामापक लावा. रंगाला फुगवटा आलाय तिथे तर नक्कीच.

'नवीन लाकूड म्हणजे चांगलं लाकूड'

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये जाऊन 'साग द्या' म्हटलं की प्रश्न सुटत नाही. सागाचा टिकाऊपणा गाभ्यात असतो. बाहेरचा फिकट भाग वाळवी आवडीने खाते, आणि कोवळ्या झाडाच्या सागात तो भाग भरपूर असतो. औषध मुरवलेला चांगला पाइन अशा सागापेक्षा जास्त टिकेल. पण जागेवर कापलात तर कापलेल्या टोकाला पुन्हा औषध लावायलाच हवं, कारण औषध बऱ्याचदा बाहेरच्या थरापुरतंच मुरलेलं असतं. आणि तांब्याच्या क्षारांचं औषध असेल तर साधे खिळे-बोल्ट चालत नाहीत, झपाट्याने गंजतात. गरम जस्तात बुडवलेलेच घ्या.

दुसरी गोष्ट, जुन्या मऊ पडलेल्या रुळाच्या मधोमध नवा कडक तुकडा बसवला तर गाडी त्याच्या काठावर ठेचकाळते. नवा तुकडा लांब घ्या आणि थरांचे सांधे पायरीपायरीने मागे-पुढे ठेवा, एका रेषेत नकोत.

रुळावर हात घालण्यापूर्वी चाकं मात्र तपासा. एका डब्याच्या चाकाचं बेअरिंग गेलं असेल तर दोष उगीच लाकडावर येतो. सगळ्या गाड्या एकाच जागी हादरतात की एकच गाडी सगळीकडे हादरते, एवढं विचारलं तरी निम्मा उलगडा होतो.

बंद ठेवला म्हणजे विश्रांती मिळते?

उलट होतं. चालू कोस्टरवर रोज सकाळी कुणीतरी पायी फिरतं, बंद झाला की कुणीच फिरकत नाही. पेनसिल्व्हेनियातला लीप द डिप्स १९०२ चा, तो १९८५ मध्ये बंद पडला आणि मोठ्या दुरुस्तीनंतर १९९९ मध्ये पुन्हा सुरू झाला. सॅन डिएगोचा जायंट डिपर १९२५ चा, तो १९७६ ते १९९० बंद होता. दोन्ही वाचले ते लोकांनी हट्ट धरला म्हणून. टेक्सास जायंटच्या मालकांनी वेगळी वाट धरली: १९९० चा लाकडी सांगाडा ठेवला आणि २०११ मध्ये त्यावर पोलादी रूळ चढवले. मला तो निर्णय हिशेबाने पटतो, मनाने पटत नाही. पुण्यातल्या आपल्या लकडी पुलाच्या नावात तेवढं लाकूड उरलंय, तसं काहीसं वाटतं.

रोजची फेरी एकाच माणसाला वर्षानुवर्षं देऊ नका. हळूहळू वाकणारा खांब रोज पाहणाऱ्याला सरळच दिसतो. दर आठवड्याला माणूस बदला, प्रत्येक खांबाला नंबर द्या आणि वहीत 'ठीक' हा शब्द लिहायला बंदी घाला. 'खांब ४१, डावा बोल्ट, रेघ तुटली, पाव फेरी आवळला' असं लिहिलेलं असलं की तीन पावसाळ्यांनी वही स्वतःच सांगते की ४१ चा पाया बघा.

कसब्यातल्या त्या वाड्यात आम्ही खण उचलून धरला, खांबाचा तळातला दोन फूट भाग कापला आणि गाभ्याचा साग तिरप्या सांध्याने जोडला. तळखडा फरशीखाली गाडला गेला होता, तो शोधून पुन्हा वर घेतला. दोन खण पलीकडचा टेकू त्यानंतर काढून टाकला. त्या जमिनीला हात लावायची गरजच पडली नाही.