तीन संगणक, एक थंडरबर्ड : मेलच्या सेटिंग्ज जुळत्या कशा ठेवाव्यात

घरी डेस्कटॉप, प्रवासात लॅपटॉप, कामाच्या जागी तिसराच संगणक आणि तिन्हींवर मेलसाठी थंडरबर्ड हा प्रोग्राम, अशी ज्यांची व्यवस्था आहे त्यांना हटकून मिळणारा सल्ला म्हणजे ‘प्रोफाइलचा फोल्डर क्लाउडमध्ये ठेवा आणि तिन्ही संगणकांना तोच दाखवा’. हा सल्ला पाळू नये. प्रोफाइल म्हणजे सेटिंग्जची नुसती यादी नव्हे. त्यात पत्त्यांचे आणि शोधसूचीचे एसक्यूलाइट डेटाबेस (माहिती साठवणाऱ्या फाइली) असतात, प्रत्येक मेल फोल्डरमधल्या मेलांची सूची ठेवणारी एमएसएफ फाइल असते, आणि थंडरबर्ड चालू असताना या फाइलींमध्ये सतत काही ना काही लिहिले जात असते. क्लाउडचा प्रोग्राम त्यातली एखादी फाइल अर्धवट अवस्थेत उचलतो आणि दुसऱ्या संगणकावर नेऊन ठेवतो. एकच प्रोफाइल एका वेळी दोनदा उघडले जाऊ नये म्हणून थंडरबर्ड कुलूप लावते खरे, पण ते त्या संगणकापुरते असते. घरचा डेस्कटॉप चालूच राहिला आहे, हे लॅपटॉपला कळण्याचा मार्ग नसतो.

त्यात भर आवृत्तीची. एका संगणकावर थंडरबर्ड अद्ययावत झाले आणि दुसऱ्यावर जुनेच राहिले, की जुने थंडरबर्ड ते प्रोफाइल उघडायला नकार देते आणि नवे प्रोफाइल तयार करण्याचा पर्याय पुढे करते. घाईत असलेला माणूस तो पर्याय स्वीकारतो आणि समोर कोरे थंडरबर्ड पाहून सगळे मेल गेले म्हणून हातपाय गाळतो. मेल गेलेले नसतात, पण ते समजावून सांगण्यात माझे अनेक रविवार गेले आहेत.

संपूर्ण प्रोफाइल उचलून नेणे योग्य ठरते ते एकदाच, नवा संगणक घेतल्यावर. त्यासाठी ‘टूल्स’मध्ये ‘एक्सपोर्ट’ आणि ‘इम्पोर्ट’ हे पर्याय आहेत. प्रोफाइल २ जीबीपेक्षा मोठे असेल तर ही निर्यात चालत नाही, तेव्हा थंडरबर्ड बंद करून फोल्डरच हाताने कॉपी करावा. एकदा हलवणे आणि रोज जुळते ठेवणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसऱ्या कामाची रीत अशी आहे की सर्व्हरवर ठेवता येईल ते सगळे सर्व्हरवर ठेवावे आणि उरलेल्या मोजक्या गोष्टी हाताने न्याव्यात.

सोप्या पायऱ्या

खाते प्रत्येक संगणकावर आयमॅपनेच, म्हणजे मेल सर्व्हरवरच ठेवणाऱ्या पद्धतीने, जोडावे. सर्व्हर सेटिंग्जमध्ये पोर्ट ९९५ दिसत असेल तर ते पॉप (मेल संगणकावर उतरवून घेणारी पद्धत) आहे आणि या लेखातले पुढचे काहीही त्यावर लागू पडणार नाही. आयमॅपचे पोर्ट ९९३ असते.

‘कॉपीज अँड फोल्डर्स’मध्ये पाठवलेले मेल, मसुदे आणि टेम्पलेट यांच्या जागा त्याच खात्यातील फोल्डरवर लावाव्यात, फक्त त्या संगणकावरच राहणाऱ्या ‘लोकल फोल्डर्स’वर नव्हे.

पत्ते कार्डडॅव्हने आणि कॅलेंडर कॅलडॅव्हने (सर्व्हरशी जुळते ठेवण्याच्या पद्धती) जोडावे. दोन्हींची सोय थंडरबर्डमध्येच आहे, वेगळे एक्स्टेन्शन लागत नाही.

फिल्टर : खरी अडचण इथे आहे

मेल आयमॅपवर गेले की फिल्टरही, म्हणजे आलेले मेल अटींनुसार लावणारे नियमही, आपोआप सगळीकडे दिसतील, असा बहुतेकांचा समज असतो. तसे होत नाही. थंडरबर्डचे फिल्टर ज्या संगणकावर तयार केले तिथेच, त्या खात्याच्या फोल्डरातल्या एका साध्या मजकुराच्या फाइलीत राहतात. फिल्टरांच्या खिडकीत आयात-निर्यातीचे बटण नाही. म्हणून लोक ती फाइल शोधतात, दुसऱ्या संगणकावर टाकतात, आणि मग खरा घोळ सुरू होतो; हा घोळ नेमका कुठे होतो ते उमगायला मला बराच काळ लागला, त्यामुळे इथे सविस्तर लिहितो.

पहिला प्रश्न फाइल नेण्याचा नसून, तेच फिल्टर दोन ठिकाणी चालले तर काय होईल हा आहे. दोन्ही संगणक चालू असताना मेल आला, की ज्याने तो आधी पाहिला त्याचा फिल्टर त्याला उचलून योग्य फोल्डरात टाकतो. ‘हलवा’ एवढीच कृती असेल तर सहसा काही बिघडत नाही, कारण दुसऱ्याच्या हाती काही उरतच नाही. ‘कॉपी करा’ असेल तर मात्र त्या फोल्डरात दोन प्रती पडू शकतात. ‘पुढे पाठवा’ किंवा ‘टेम्पलेटने उत्तर द्या’ असेल तर बाहेरच्या माणसालाही त्याचा उपद्रव होतो. माझ्या ओळखीच्या एका कर सल्लागारांच्या कार्यालयात ‘आपली कागदपत्रे मिळाली’ असे उत्तर प्रत्येक अशिलाला दोनदा जात होते, कारण साहेबांचा आणि त्यांच्या साहाय्यकाचा असे दोन संगणक एकाच खात्याला तेच फिल्टर लावून बसले होते. विवरणपत्रांच्या हंगामात अशिलांनी काळजीने फोन करून विचारले, की आमची कागदपत्रे दोनदा आली आहेत का.

म्हणून माझे ठाम मत असे, की फिल्टर शक्य तितके सर्व्हरवरच करावेत. जीमेल असेल तर ब्राउझरमधून सेटिंग्जमध्ये जाऊन तिथे फिल्टर तयार करावा, त्याला लेबल द्यावे आणि ‘इनबॉक्स वगळा’ हा पर्यायही निवडावा. तो निवडायचा राहिला तर तोच मेल थंडरबर्डमध्ये इनबॉक्समध्येही दिसतो आणि लेबलच्या फोल्डरातही. स्वतःच्या डोमेनचे खाते असेल आणि वेबमेल (ब्राउझरमधून मेल पाहण्याची सोय) म्हणून राउंडक्यूब असेल, तर त्याच्या सेटिंग्जमध्ये ‘फिल्टर्स’ दिसतात का ते पाहावे. ते दिसत असतील तर सर्व्हर बहुधा सिव्ह ही फिल्टरांची भाषा समजतो. ती २००८ पासून आरएफसी ५२२८ या इंटरनेटच्या प्रमाणकात आहे. सर्व्हरवरचा फिल्टर मेल येताक्षणी चालतो, त्यासाठी तुमचा एकही संगणक चालू असावा लागत नाही, आणि मोबाइलवरही मेल आधीच लावून ठेवलेले दिसतात. वीजबिल, बँकेची विवरणे, सोसायटीच्या नोटिसा असल्या कामांसाठी याहून अधिक काही लागत नाही.

तरीही काही फिल्टर थंडरबर्डमध्येच ठेवावे लागतात. ‘पाठवणारा माझ्या पत्तावहीत आहे’ ही अट किंवा मेल संगणकावरच्या लोकल फोल्डरात उतरवून ठेवणे या गोष्टी सर्व्हरच्या आवाक्याबाहेरच्या आहेत. असे उरलेले फिल्टर न्यायचे असतील तर पुढचा क्रम सोडू नये.

दोन्ही संगणकांवर थंडरबर्ड पूर्ण बंद करावे. चालू थंडरबर्डच्या मागून फाइल बदलली तर ते स्वतःजवळची जुनी यादी पुन्हा तिच्यावर लिहून मोकळे होते. मात्र बंद करण्यापूर्वी खात्याच्या ‘सर्व्हर सेटिंग्ज’मध्ये अगदी तळाशी ‘लोकल डिरेक्टरी’ म्हणून जो पत्ता दिलेला असतो तो दोन्हीकडे टिपून ठेवावा. हे टिपणे टाळून फोल्डरच्या नावावरून अंदाज बांधणारे हमखास फसतात. थंडरबर्ड खात्याच्या फोल्डरला सर्व्हरचे नाव देते, आणि एकाच सर्व्हरवरची दोन खाती असली तर दुसऱ्याच्या नावात उणे एक असा आकडा घुसडते. घरच्या संगणकावर वैयक्तिक जीमेल आधी जोडले आणि लॅपटॉपवर कामाचे आधी जोडले, तर उणे एकचा फोल्डर एकीकडे कामाचा असतो आणि दुसरीकडे वैयक्तिक. फाइल बिनतक्रार कॉपी होते, फिल्टरांची नावेही यादीत नीट दिसतात, आणि बँकेचे मेल कामाच्या खात्यातल्या फोल्डराकडे धाव घेऊ लागतात. ‘लोकल डिरेक्टरी’ पाहणे हा यावरचा एकमेव भरवशाचा उपाय आहे.

आता त्या फोल्डरातली ‘एमएसजीफिल्टररूल्स डॉट डॅट’ ही फाइल घ्यावी आणि नोटपॅडसारख्या साध्या संपादकात उघडावी. वर्डमध्ये उघडू नये. प्रत्येक फिल्टरसाठी नाव, चालू-बंद, प्रकार, कृती, कृतीचे ठिकाण आणि अट अशा ओळी ओळीने दिसतात. कृतीच्या ठिकाणाची ओळ नीट पाहावी. तिथे आयमॅप, मग तुमचे वापरकर्तानाव, मग सर्व्हरचे नाव आणि शेवटी फोल्डर असा सलग पत्ता असतो, आणि वापरकर्तानावातल्या ॲटच्या चिन्हाऐवजी टक्क्याचे चिन्ह व ४० हा आकडा असतो. दोन्ही संगणकांवर वापरकर्तानाव आणि सर्व्हरचे नाव अक्षरशः सारखे असेल तरच हा पत्ता दुसरीकडे लागू पडतो. एकीकडे जीमेलचा आणि दुसरीकडे गुगलमेलचा आयमॅप पत्ता दिलेला असला तर मेल दोन्हीकडे येतात, पण फिल्टरला फोल्डर सापडत नाही.

फोल्डरांची नावे मराठीत ठेवणाऱ्यांनी इथे घाबरून जाऊ नये. आयमॅपमध्ये देवनागरी नावे बहुतेक सर्व्हरवर एका जुन्या रोमन सांकेतिक रूपात साठवली जातात. त्यामुळे ‘बिले’ या फोल्डरच्या जागी अँडच्या चिन्हाने सुरू होणारी आणि आडव्या रेघेने संपणारी अगम्य अक्षरांची माळ दिसते. ती बिघडलेली नसते. ती ‘दुरुस्त’ करून तिथे देवनागरीत ‘बिले’ लिहिणे हाच बिघाड होय.

त्यानंतर मुख्य संगणक कोणता ते ठरवावे, म्हणजे जो सर्वांत जास्त वेळ चालू असतो तो. फिल्टर आपोआप चालायचे ते त्याच एकावर. इतर संगणकांसाठी नेलेल्या प्रतीत प्रकाराच्या ओळीत १७ हा आकडा असेल तिथे १६ करावा. १ म्हणजे नवा मेल आल्यावर चालवणे आणि १६ म्हणजे हाताने चालवणे; १७ ही त्यांची बेरीज. मग ती प्रत त्या संगणकावर टिपलेल्या ‘लोकल डिरेक्टरी’च्या फोल्डरात ठेवावी. फाइलीला हात लावण्याचे धाडस नसेल तर प्रत्येक फिल्टर उघडून ‘गेटिंग न्यू मेल’समोरची खूण काढली तरी तेच होते, फक्त वीस फिल्टर असले तर कंटाळा येतो. अशा रीतीने लॅपटॉपवर फिल्टर हाताशी राहतात, पण मुख्य संगणकाशी त्यांची शर्यत लागत नाही.

पत्तावहीची अट असलेले फिल्टर मात्र दुसऱ्या संगणकावर उघडून पत्तावही पुन्हा निवडावी, कारण फिल्टरमध्ये तिची नोंद त्या संगणकावरच्या फाइलीच्या नावाने झालेली असते.

उरलेसुरले

मेलवर लावायच्या रंगीत लेबलांची (थंडरबर्डमधले ‘टॅग’, जीमेलची लेबले नव्हेत) खूण सर्व्हरने मुभा दिली असेल तर मेलबरोबरच साठते, पण लेबलाचे नाव आणि रंग प्रत्येक संगणकावर वेगळे द्यावे लागतात. ते तंतोतंत त्याच नावाने तयार करावे. पहिल्या संगणकावर लेबल एका नावाने तयार करून नंतर बदलले असेल, तर आतली खूण जुन्याच नावाची राहते. तेव्हा दुसरीकडेही आधी जुन्या नावाने लेबल करून मग ते बदलावे लागते.

स्वाक्षरी एचटीएमएल फाइलीत, यूटीएफ-८ मध्ये (देवनागरी अक्षरे नीट राखणाऱ्या स्वरूपात) जतन करून ठेवावी आणि खात्याच्या सेटिंग्जमधून त्या फाइलीकडे बोट दाखवावे. ही फाइल क्लाउडमध्ये खुशाल ठेवावी, कारण थंडरबर्ड ती फक्त वाचते.

पासवर्डच्या फाइली फिरवत बसू नये. त्या दोन असतात, एकीवाचून दुसरी निरुपयोगी ठरते, आणि दोन्ही मिळून ज्याच्या हाती लागतील त्याला, थंडरबर्डचा प्रायमरी पासवर्ड (पूर्वीचे नाव मास्टर पासवर्ड) नसेल तर, तुमची सगळी खाती उघडता येतात. प्रत्येक संगणकावर एकदा नव्याने लॉगिन करणे अधिक बरे.

शेवटी चाचणी. सगळ्या संगणकांवर थंडरबर्ड बंद ठेवून दुसऱ्या एखाद्या पत्त्यावरून स्वतःला असा मेल पाठवावा, जो सर्व्हरच्या फिल्टरमध्ये बसतो, आणि मोबाइलवर पाहावे. तो योग्य फोल्डरात गेला असेल तर सर्व्हरचे काम ठीक आहे. मग फक्त लॅपटॉप उघडून, थंडरबर्डच्याच फिल्टरसाठी असलेला दुसरा मेल पाठवावा. तो इनबॉक्समध्येच राहिला पाहिजे आणि मुख्य संगणक सुरू केल्यावर हलला पाहिजे. लॅपटॉपवर असतानाच तो हलला, तर एखाद्या फिल्टरमध्ये १७ तसाच राहिला आहे. फिल्टरांच्या खिडकीतला ‘फिल्टर लॉग’ आधीच चालू ठेवला असेल तर कोणता, ते तिथे नावानिशी दिसते.